हिस्टॉलॉजी (ऊतिशास्त्र) स्लाइड्स : ट्यूटर व सहायक प्राध्यापकांसाठी सूचना

नव्या तुकडीच्या प्रात्यक्षिकांसाठी स्लाइड्स या आठवड्यात रंगवायच्या आहेत.

ऊतीचा तुकडा ३-४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. ऊती टिकवणारे १० टक्के फॉर्मॅलिन तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट घ्या. जाड तुकडा आतून कच्चा राहतो आणि मायक्रोटोमवर (पातळ छेद घेणाऱ्या यंत्रावर) मधोमध फाटतो. छेद ५ मायक्रॉनचे.

हिमॅटॉक्सिलीन (केंद्रके निळी करणारा रंग) गाळूनच वापरा. वरची चकाकती साय स्लाइडवर निळे-काळे ठिपके सोडते, आणि विद्यार्थी ते इमानेइतबारे केंद्रक म्हणून वहीत काढतात!

रंगवून झाल्यावर झायलीनमध्ये (ऊती पारदर्शक करणाऱ्या द्रावकात) स्लाइड दुधाळ दिसली तर पाणी उरले आहे. तशीच डीपीएक्स (वरची काच चिकटवणारा पारदर्शक लेप) लावून झाकू नका. परत शुद्ध अल्कोहोलमध्ये न्या, मग ताजे झायलीन. हे काम फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करावे.