आमवाताला खाट नको, गोळ्या हव्यात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तेव्हा आम्हा आमवाताच्या रुग्णांनाही हायसं वाटलं होतं. पण योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे आणि आमचा आजार सहसा दाखल होण्याचा नसतो. आम्हाला लागतात वर्षानुवर्षं गोळ्या, ठरावीक काळाने रक्ततपासण्या आणि संधिवाततज्ज्ञाची भेट. हा खर्च खिशातूनच होतो.

आमवात म्हणजे म्हातारपणाची गुडघेदुखी नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत याचं प्रमाण दोन-तीन पट, आणि तेही अनेकदा ऐन तिशी-चाळिशीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सर्वेक्षण झालं, त्यात प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना हा आजार आढळला. दोनशे माणसांमागे एक!

सकाळी उठल्यावर तास-दोन तास माझी मूठ मिटत नाही. दुधाची पिशवी दातांनी फाडते. कुकरचं झाकण काढायला लेकाला हाक मारते. कणीक मळताना मनगटातून अशी कळ जाते की परात तशीच ठेवून भिंतीला टेकावं लागतं. अकराच्या सुमाराला हात मोकळे होतात आणि तेव्हा भेटणाऱ्याला वाटतं, हिला काय झालंय! अंगातलं त्राण गेलेलं तर कुणालाच दिसत नाही. घरोघरी त्याला आळस म्हणतात.

मी शिक्षिका आहे. फळ्यावर लिहिणं जमलं नाही तरी माझा पगार चालू राहतो. दवाखान्यात शेजारी बसणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या बाईचं तसं नाही. खुरपं धरता आलं नाही की मजुरी बुडाली, वर तालुक्याहून शहरात जायचं एसटीभाडं. मग ती औषध सोडते आणि गावातल्या वेदनाशामक इंजेक्शनवर दिवस काढते. तेवढ्यात बोटं वाकडी होतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत. सुरुवातीच्या काही महिन्यांतच नेमके उपचार मिळाले, तर हे बहुतेकदा टळू शकतं.

आयुष्मान भारतमध्ये झिजलेला गुडघा बदलायला पैसे मिळतात. तो वाचवणाऱ्या गोळ्यांना का मिळू नयेत?

आमवातावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, फार महागही नाही. ते आणि त्यासोबतच्या रक्ततपासण्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत मोफत आणि अखंड मिळाव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा तरी संधिवाततज्ज्ञ बसावेत. सांधे सुजून सकाळी आखडत असतील, तर रुग्णाला वेळेत तिथे पाठवायला आशाताईंना शिकवावं. आणखी एक. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून गोळ्या देताना पाकिटावर घेण्याचा वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावा. हे तर उद्यापासूनही करता येईल.

आपली विश्वासू,
आमवाताची रुग्ण असलेली एक शिक्षिका