समासातल्या तांबड्या शाईबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

चीनच्या शिनजियांग प्रदेशातल्या उइगुर मुसलमानांच्या तुरुंगवासावरचा माझा लेख यंदा एका दिवाळी अंकात छापून आला आणि त्याखाली नाव फक्त माझे आहे. मुद्रितशोधकाचे नाव लेखाखाली देण्याची रीत आपल्याकडे नाही. म्हणून हे आभार चार लोकांना वाचता येतील असे, उघड पत्रातून मानत आहे.

गिरगावातल्या आपल्या खोलीत मी पहिल्यांदा आले, ती केवळ शुद्धलेखन तपासून घ्यायला. त्याआधी एका संपादकांनी 'शिनजियांगशी मराठी वाचकाचा काय संबंध?' असे विचारून लेख परत केला होता आणि माझा धीर खचला होता. आपण तो प्रश्न विचारला नाहीत. चार दिवसांनी कागद परत दिलेत, तेव्हा समासात तांबड्या शाईने अकरा ठिकाणी एकच प्रश्न होता: 'कोण म्हणते?' 'दहा लाख लोक कोंडले' असे मी बेधडक लिहिले होते. हा आकडा अंदाजाचा आहे आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपुढे तो विश्वसनीय अहवालांच्या आधारे मांडला गेला, एवढे नेमके वाक्य माझ्याकडून लिहून घ्यायला आपल्याला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्या वेळी मला राग आला होता, हे आज कबूल करते. ज्यांच्यावर अन्याय होतो आहे त्यांच्या बाजूने लिहिताना इतका काटेकोरपणा कशाला, असे वाटत होते. एक आकडा सैल निघाला की नाकारणाऱ्याला सगळा लेख नाकारायला तेवढे पुरते, हे आपण शांतपणे सांगितलेत.

पण सर्वांत मोठे ऋण एका शब्दाचे आहे. चीन सरकार ज्यांना व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे म्हणते, त्यांना मी सगळीकडे 'शिबिर' म्हटले होते. आपण तो शब्द प्रत्येक ठिकाणी खोडलात. मराठी माणसाला शिबिर म्हटले की रक्तदान आठवते, नेत्रतपासणी आठवते, शाळेचे उन्हाळी शिबिर आठवते. जिथून घरी परतता येत नाही त्या जागेला हा शब्द देऊ नये, असे आपले म्हणणे होते. मग काय लिहावे, असे मी विचारले, तेव्हा आपण बराच वेळ गप्प बसलात आणि आणीबाणीत आपले वडीलबंधू 'मिसा'खाली येरवड्याला होते हे पहिल्यांदाच सांगितलेत. खटला नाही, मुदत नाही. आईला द्यायला तारीख नाही. 'त्याला स्थानबद्धता म्हणतात,' एवढेच म्हणालात आणि समासात तो शब्द लिहिलात. खटला चालवून दिलेली कैद वेगळी, हेही आपणच वेगळे करून दाखवलेत, आणि त्यामुळेच लेखाचा उत्तरार्ध उभा राहिला. २०१९च्या डिसेंबरात चिनी अधिकाऱ्यांनी केंद्रांतले सगळे प्रशिक्षणार्थी 'उत्तीर्ण' होऊन बाहेर पडल्याचे जाहीर केले, परंतु तोवर असंख्य माणसांना न्यायालयांमार्फत दीर्घ मुदतीच्या शिक्षा झालेल्या होत्या आणि त्यांतली अनेक माणसे आजही तुरुंगात आहेत.

कशासाठी, हे लिहिताना माझा हात थरथरत असे. एप्रिल २०१७पासून लागू झालेल्या तिथल्या नियमावलीत 'अस्वाभाविक' दाढी आणि चेहरा झाकणे ही अतिरेकी विचारांची लक्षणे ठरली. काराकाश तालुक्यातील जी यादी २०२०च्या फेब्रुवारीत बाहेर आली, तिच्या १३७ पानांत माणसांना आत का घातले याची कारणे नोंदवलेली आहेत: बुरखा, दाढी, नमाज, पासपोर्टसाठी केलेला अर्ज. एखाद्याला सोडायचे की नाही हे ठरवताना घरात नमाज कोण पढते, हेही पाहिलेले आहे. माझी आजी माहीमच्या चाळीत पहाटे उठून जे करायची, ते आणि एवढेच.

प्राध्यापक राहिले दावुत यांच्यावरचा भाग मात्र आपल्याशिवाय झालाच नसता. उइगुरांच्या मझारींवर, म्हणजे पिरांच्या समाध्यांवर आणि तिथल्या यात्रांवर आयुष्यभर काम केलेल्या या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डिसेंबर २०१७मध्ये बेपत्ता झाल्या आणि त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३च्या सप्टेंबरात कळले. आरोप राज्याची सुरक्षा धोक्यात आणल्याचा. अक्षरजुळणी करणाऱ्याने त्यांच्या नावाला क्रियापद समजून ते वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवले होते. आपण मला हे नाव दोनदा मोठ्याने उच्चारायला लावलेत, माझ्या मावशीचे नाव 'राहिला' आहे आणि नाव तेच आहे हे ऐकलेत, आणि मग पाचही ठिकाणी वाक्य असे फिरवलेत की कोणी त्याला क्रियापद म्हणून वाचूच शकणार नाही. होतानजवळच्या वाळवंटातील इमाम आसिम यांच्या मझारीची पडझड उपग्रहचित्रांत दिसते, हे वाचून आपण माहीमच्या जत्रेविषयी विचारलेत. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर दर डिसेंबरात पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो, हे मी लहानपणापासून पाहत आले, पण या लेखात त्याला जागा आहे हे मला सुचले नव्हते.

जागा मिळाल्यावर दुसरा धागाही सापडला. माहिमी यांनी कुराणावर अरबी भाष्य लिहिले. मुहम्मद सालिह हाजिम यांनी कुराण उइगुर भाषेत आणले, आणि २०१८च्या जानेवारीत वयाच्या ८२व्या वर्षी कोठडीत असताना ते वारले. त्यांच्यावर लेखात दोनच ओळी आहेत. त्या अपुऱ्या आहेत, असे आपण शेवटच्या मुद्रितावर लिहून ठेवले होते, आणि ते खरे आहे.

आपण मानधन घेतले नाहीत. आईने दिलेली नानखटाई तेवढी घेतलीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभरही झाला नव्हता, हे मला काकूंकडून नंतर समजले. आधी समजते तर मी इतकी पाने इतक्या घाईने आणली नसती.

हाजिम यांच्यावर स्वतंत्र लेख लिहून होत आला आहे. येत्या रविवारी घेऊन येते. या वेळी अक्षर मोठे ठेवले आहे आणि दोन्ही बाजूंना समास रुंद सोडला आहे.

आपली कृतज्ञ,
माहीमची एक शिक्षिका