किती दिवस भरती करून घेता?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत व्यसनमुक्तीवर आलेला लेख वाचला. कळकळीने लिहिला आहे, यात शंका नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात एकच चित्र आहे: माणसाला गाडीत घालून केंद्रात पोचवायचे, दार लावून घ्यायचे आणि ठरलेल्या दिवशी तो ‘सुटून’ घरी यायचा. घरी राहून, कामधंदा सांभाळून, ओपीडीत नियमित जाऊन घ्यायच्या उपचारांना लेखात जेमतेम दीड वाक्य मिळाले आहे. तेही ‘व्यसन सौम्य असेल तर’ या अटीवर. त्या दीड वाक्यातलाच मी एक माणूस, म्हणून लिहितो आहे.

माझे व्यसन सौम्य नव्हते. एकोणीस वर्षे दारू, त्यातली शेवटची चार सकाळी उठल्यापासून. दोनदा भरती झालो, एकदा 28 दिवस आणि एकदा तीन महिने. दोन्ही वेळा आत मी आदर्श रुग्ण होतो. आत दारूच नव्हती, तेव्हा न पिण्यात माझे कर्तृत्व ते काय? पहिल्या खेपेला घरी आल्यावर अकराव्या दिवशी प्यालो, दुसऱ्या खेपेला सातव्या आठवड्यात. केंद्रात कळवले, तर पाठपुराव्याच्या यादीतून माझे नाव कमी झाले. ‘प्यायला तो बाद’ असा तिथला नियम होता. दम्याच्या रुग्णाला धाप लागली म्हणून डॉक्टरांनी त्याचे नाव खोडल्याचे कोणी ऐकले आहे काय? ही तुलना माझी नाही. थॉमस मॅकलेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ती सविस्तर मांडली होती. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण त्यांनी 40 ते 60 टक्के सांगितले. दमा आणि रक्तदाब पुन्हा उसळण्याचे प्रमाण 50 ते 70 टक्के. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर आपण ‘गोळी लागू पडत होती’ असे म्हणतो. व्यसनाच्या बाबतीत मात्र ‘उपचार वाया गेले’ म्हणून मोकळे होतो.

तिसऱ्या खेपेला भरतीचे पैसे नव्हते, एवढ्याच कारणाने ओपीडी गाठली. डॉक्टरांनी भाषण दिले नाही. हात समोर धरून बोटे पसरायला सांगितली आणि बोटांची थरथर पाहत राहिले. शेवटचा घोट किती वाजता घेतला? पूर्वी दारू बंद केल्यावर कधी फिट आली होती का? भास झाले होते का? घरी सोबतीला कोण असते? हे प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटले. भरती लागेल की घरी जमेल, याचा निर्णय या प्रश्नांच्या उत्तरांवरच असतो, हे नंतर समजले.

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी घरचे लोक हमखास चुकतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली, तर सहा-आठ तासांत थरथर, घाम, घाबरेपणा सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांच्या टप्प्यावर काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. तेव्हा ‘खोलीत कोंडा, दोन दिवसांत वठणीवर येईल’ हा सल्ला जीवघेणा आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची सवय झालेल्यांचेही असेच. त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायच्या असतात. पूर्वी फिट किंवा भ्रम होऊन गेला असेल, दुसरा मोठा आजार असेल, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा घरी लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर ते दिवस रुग्णालयातच काढावेत. त्याबद्दल माझे दुमत नाही.

माझ्या बाबतीत यातले काही नव्हते. पहिले पाच दिवस रोज ओपीडीत जायचे, त्या एका दिवसापुरत्या गोळ्या मिळायच्या आणि त्या बायकोच्या हाती द्यायच्या. बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने झाली. गोळ्यांचा डोस दर दिवसाला उतरत गेला. सहाव्या दिवशी हात स्थिर होते. त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो, ‘सुटली.’ ते म्हणाले, ‘अंगातून सुटली. आता पुढचं काम मॅडमकडे.’

मॅडम म्हणजे समुपदेशक. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले, ‘दारूनं तुम्हाला काय दिलं?’ मी गांगरलो. दारूने काय नेले हे सांगायची मला इतकी सवय होती की, उत्तर तोंडपाठ होते. काय दिले हे कोणी कधी विचारलेच नव्हते. मग झोपेबद्दल बोललो, चारचौघांत बोलता येण्याबद्दल बोललो, वडील गेल्यानंतरच्या वर्षाबद्दलही. माणसाला दटावण्याऐवजी त्याच्याच तोंडून बदलाची कारणे निघू द्यायची, या पद्धतीचा पाया विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1983 साली घातला, हे मी पुढे वाचले. (दारू गेली आणि वाचनाचे व्यसन लागले, असे घरी म्हणतात.) तेव्हा एवढेच जाणवले की, या बाईंशी खोटे बोलायची गरज पडत नाही.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी एक वही करायला सांगितली. तलफ आली की लिहायचे: किती वाजता, कुठे, सोबत कोण, दहापैकी किती जोराची आणि किती मिनिटे टिकली. माझा पेशाच हिशेबाचा, त्यामुळे हे जमले. तीन आठवड्यांची पाने समोर ठेवून बसलो, तर तलफ रात्रीची असते हा माझा समज साफ खोटा निघाला. बहुतेक नोंदी संध्याकाळी साडेसहा ते सातच्या होत्या, कामावरून निघून घरी पोचेपर्यंतच्या. जोर आठ-नऊ, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकलेली एकही नाही. मग इलाज अगदीच साधा निघाला: तो अर्धा तास एकट्याने काढायचा नाही. घरी यायचा रस्ता बदलला आणि रोज त्या वेळी मेहुण्याला फोन लावायचा, असे ठरले. बंद दाराआड ही वही कोरीच राहिली असती. तिथे साडेसहा वाजतात, पण घरी परतायचा रस्ता तिथे नसतो.

आता औषधांविषयी. डायसल्फिराम हे सर्वांत जुने. 1948 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचा दारूशी असलेला उभा दावा जगापुढे मांडला. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, कधी प्रकृती गंभीर होते. हा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. म्हणूनच नवऱ्याला किंवा मुलाला न सांगता ती जेवणात मिसळणाऱ्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका. माणूस नकळत प्यायला, तर दवाखान्यापर्यंत पोचेलच असे नाही. मला नाल्ट्रेक्सोन दिले होते. त्याने दारूची गोडी कमी होते. त्याआधी यकृताची तपासणी करून घेतात. अ‍ॅकँप्रोसेट हा तिसरा पर्याय, त्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी लागते. ही तिन्ही घरी राहून घ्यायची औषधे आहेत. तंबाखूसाठी निकोटिनचे गम, पट्ट्या आणि गोळ्या आहेत. कोकेन किंवा मेथसारख्या उत्तेजक पदार्थांवर मात्र खात्रीचे औषध अजून सापडलेले नाही. तिथे समुपदेशनावरच भिस्त असते आणि तपासणी स्वच्छ आली की छोटे बक्षीस देण्याची पद्धत सर्वांत उपयोगी ठरली आहे. हसू येते खरे, पण लागू पडते.

हेरॉइन आणि तत्सम अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर नुसत्या भरतीचा आग्रह धोक्याचा आहे. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते; बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मात्रेने घेतो आणि श्वास थांबतो. यासाठी मेथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही त्याच जातीची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिली जाणारी औषधे दीर्घकाळ चालू ठेवतात. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवँडर या डॉक्टरांनी मेथॅडोनचे निष्कर्ष 1965 साली प्रसिद्ध केले आणि 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तरी ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावले’ हा शेरा अजून ऐकू येतो. आपल्या लेखातही तो आहे. इन्सुलिन रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगांनाही मी जातो; दारू सोडू पाहणारेच तिथे एकमेकांना आधार देतात. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली. काहींना तिथली भाषा मानवत नाही, ते साहजिक आहे. समुपदेशनाच्या अनेक पद्धती आहेत आणि अमेरिकेत 1,726 जणांवर झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अभ्यासात तीन वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल 1997 साली जवळपास सारखेच आले. माझ्यासारख्या सामान्याने त्यातून एवढेच घ्यावे की, जिथे आपण टिकू तिथे जावे.

ओपीडीची जाहिरात करायला बसलो आहे असे वाटू नये, म्हणून तिथली रडही सांगतो. ओपीडीची वेळ सकाळची, ऐन कामाच्या तासांत. दर आठवड्याला अर्धा दिवस रजा मागायची तर कारण काय सांगणार? मी दात दुखतात म्हणून सांगत असे. वर्षभरात साहेबांच्या हिशेबाने माझे सगळे दात पडायला हवे होते. संध्याकाळी दोन तास जरी खिडकी उघडी राहिली, तरी मधेच गळणारे कितीतरी लोक टिकतील. दुसरी अडचण घरच्यांची. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात. बायकोला आत बोलावले ते दहाव्या बैठकीला, तेव्हा तिने पहिले वाक्य उच्चारले: ‘यांचा श्वास हुंगायचं मी कधी थांबवू?’ मला याची कल्पनाच नव्हती. हे पहिल्या महिन्यात विचारले गेले असते, तर बरे झाले असते.

सव्वा वर्षाने मी पुन्हा प्यालो. एक रात्र. दुसऱ्या दिवशी ओपीडीत गेलो तेव्हा मनात जुन्या केंद्राचाच नियम होता. मॅडमनी वही मागितली, तारीख टाकली आणि म्हणाल्या, ‘बरं झालं, लगेच आलात. काल साडेसहाला कुठे होतात?’ पुढची भेट पंधरा दिवसांऐवजी तीन दिवसांवर आणली, बाकी काही बदलले नाही. त्या रात्रीला आता चार वर्षे होतील.

आपल्या लेखाच्या चौकटीत केंद्रांचे पत्ते होते. पुढच्या वेळी त्या चौकटीत आणखी दोन गोष्टी छापता आल्या तर पाहावे: दारू अचानक बंद केल्यावरची धोक्याची लक्षणे, आणि केंद्र निवडण्यापूर्वी विचारायचा एक प्रश्न. ‘किती दिवस ठेवता?’ हे तर सगळेच विचारतात. ‘घरी गेल्यावर पुन्हा प्यायला, तर तुम्ही काय करता?’ हे विचारून पाहावे.

पत्र छापल्यास नाव देऊ नये, ही विनंती. माझी हरकत नव्हती. मुलीची आहे आणि या बाबतीत तिचेच ऐकायचे ठरले आहे.

आपला,
एक वाचक