जिवंत माणसे मोजणाऱ्या बाईंचा हयातीचा दाखला

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दिवंगत निवृत्त शिक्षिकेकडे मागितलेल्या हयातीच्या दाखल्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

ठाण्यातील एका अनुदानित शाळेतून निवृत्त झालेली माझी आई या फेब्रुवारीत वयाच्या ८८ व्या वर्षी गेली. डिसेंबरपासून थांबलेले तिचे निवृत्तिवेतन वारस म्हणून मला मिळावे, असा अर्ज मी मृत्यूचा दाखला जोडून संबंधित कार्यालयाकडे केला होता. गेल्या सोमवारी त्याचे उत्तर आले. निवृत्तिवेतनधारकाचा नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत असल्याचा दरवर्षी द्यावा लागणारा पुरावा, अभिलेखात उपलब्ध नसल्याने तो सादर करावा, त्यानंतरच थकबाकीचा विचार करण्यात येईल, असे त्यात म्हटले आहे. सही, शिक्का, जावक क्रमांक, सारे काही जागच्या जागी आहे. फेब्रुवारीत वारलेली व्यक्ती डिसेंबर-जानेवारीत जिवंत होती, हे सिद्ध करायला मृत्यूच्या दाखल्याहून भक्कम कागद कोणता असतो, हे मात्र त्यात लिहिलेले नाही. आईच्या चौथीच्या वर्गातल्या कच्च्या मुलालाही हे गणित तोंडी सुटले असते.

निवृत्तिवेतन वित्त विभागाकडे येते, शिक्षण विभागाकडे नाही, असे आपले स्वीय सहायक हे पत्र बाजूला सारताना म्हणतील. म्हणोत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालताना आणि ५ सप्टेंबरला शिक्षकांचे गोडवे गाताना कोणी विभाग विचारत नाही, म्हणून मीही विचारलेला नाही.

आई १९५९ साली नोकरीला लागली आणि १९९५ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. एका वर्गात पन्नास मुले धरली, तरी छत्तीस वर्षांत अठराशे होतात. प्रत्यक्षात वर्गात साठ-सत्तर मुले दाटीवाटीने बसत, त्यामुळे आकडा आपण वाढवून घ्यावा. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांची ती मुले होती. पाटीवर ओल्या फडक्याने पुसलेले पुन्हा उमटेपर्यंत ती अक्षर गिरवून घेई. वडिलांचा कारखाना बंद पडल्यावर घर तिच्या एकटीच्या पगारावर चालले आणि आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे त्यातच झाली. पुढे मी मुंबईला नोकरीसाठी सकाळची लोकल पकडू लागले, तेव्हा माझी दोन्ही मुले तिच्याकडेच वाढली. पावकी, निमकी, दिडकी हे आजच्या पुस्तकांतून गेलेले पाढे माझ्या मुलाला येतात ते आजीमुळे. तिने कधी कोणाचे फुकट घेतले नाही. शाळेतला उरलेला खडू घरी आणलेलासुद्धा तिला चालत नसे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, तिच्याकडे येते. १९६१, १९७१, १९८१ आणि १९९१ या चारही जनगणनांचे काम आईने केले. १९९१ ची मला चांगली आठवते, कारण तिचे फॉर्म मीच क्रमाने लावून देत असे. फेब्रुवारीअखेर गणना संपली, तरी काम संपत नसे. मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा त्याच घरांचे जिने चढून, मधल्या काळात कोणी जन्मले का, कोणी वारले का, हे विचारून नोंद दुरुस्त करावी लागे. कोण जिवंत आहे हे पाहायला ज्या शासनाने तिला चोपन्नाव्या वर्षी दारोदार पाठवले, त्या शासनाला ती अठ्ठ्याऐंशीची झाल्यावर तिच्या एका दारापर्यंत माणूस पाठवता आला नाही.

नौपाड्यातली आमची इमारत जुनी, उद्वाहन नसलेली. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या दोन मुलांनी आईला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणले, तेव्हा आम्ही या दाखल्यासाठी बँकेत पोहोचलो. निवृत्तांच्या यादीतल्या तिच्या नावापुढे जेमतेम बोटभर चौकट होती. आईने चष्मा पुसला, पेन घेतले आणि थरथरत्या हाताने, वेळ घेऊन, पूर्ण नाव लिहिले. सही जुळत नाही, अंगठा द्या, असे तिला सांगण्यात आले. मुलांच्या आयांना संध्याकाळी वर्गात बसवून सही करायला शिकवणाऱ्या बाईंना शेवटी अंगठा द्यावा लागला, आणि तोही यंत्राने नाकारला. तिने पदराला बोट पुसून पुन्हा ठेवले, मग दुसरे ठेवले. ‘आजी, नीट दाबा,’ असे यंत्रापाशी बसलेला बँकेतला मुलगा म्हणत राहिला, तेव्हा आई म्हणाली, ‘अरे, मी गेले असते तर इथे कशाला आले असते?’ रांगेतले सगळे हसले. मला हसू आले नाही.

वय ऐंशीच्या पुढे गेले की शासन मूळ निवृत्तिवेतनात वाढ देते, म्हणजे म्हातारपणी खर्च वाढतो हे शासनाला कळते. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात, एवढेच कळत नसावे. पुढे पोस्टाच्या माणसाला घरी बोलावून, त्याचे शुल्क देऊन, चेहऱ्यावरून पडताळणी करून आम्ही नोव्हेंबरातच डिजिटल दाखला काढला. त्याची छापील प्रत माझ्याजवळ आहे. कार्यालयाचे म्हणणे, तो आमच्याकडे दिसत नाही. तेथील अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून, पुढच्या महिन्याच्या बिलात थकबाकीसह रक्कम येईल, असा शब्द दिला होता. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आईही गेली. शब्द तेवढा अजून यायचा आहे.

त्या महिन्यांत आईच्या औषधांचा आणि दिवसभर तिच्याजवळ बसणाऱ्या मावशींचा खर्च मी माझ्या मुदत ठेवी मोडून भागवला. मीही आता साठीच्या पुढे आहे, गुडघे दोन्ही कामातून गेले आहेत, आणि त्या कार्यालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी ठेवलेल्या बाकावर फायलींचे गठ्ठे असतात. पैशांचे एक वेळ सोडा. आपले निवृत्तिवेतन का थांबले, आपल्या हातून काही राहिले का, हे आई मला अखेरच्या दिवसांपर्यंत विचारत होती, आणि यंत्रात बिघाड आहे असे खोटे मी तिला सांगत होते. या गोष्टीची भरपाई कोणत्या लेखाशीर्षाखाली मागायची, ते आपण कळवावे.

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सांगितले, आणि तो दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळलाही जातो. ठरल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकांचा हक्क मानणारा लोकसेवा हक्काचा कायदा राज्याने २०१५ मध्ये केला. त्याचा फलक त्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे, थोडा तिरका. लाखो निवृत्तांपैकी शंभरात पाच जणांचे दोन-तीन महिन्यांचे पैसे असे अडकले, तरी किती कोटी बिनव्याजी वापरायला मिळतात, याचा हिशोब कोणी मांडला आहे का? जनगणना, निवडणूक आणि आपत्ती वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. प्रत्यक्षात शाळेत शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यातच शिक्षकाचा दिवस जातो. नव्याने लागणाऱ्याला आधी शिक्षण सेवक म्हणून मानधनावर राबवायचे, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना तर आपण काढूनच घेतली. त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागण्याची वेळ कदाचित येणारही नाही. जगले काय आणि गेले काय, शासनाचे काय अडते?

माझ्या मागण्या फार नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावरील तारखेपर्यंत आई हयात होती, असे मानून तिची थकबाकी द्यावी. ऐंशी वर्षांवरील निवृत्तांची पडताळणी त्यांच्या घरी जाऊन, विनाशुल्क करावी, आणि दाखला मिळाल्याची पोच त्याच दिवशी हातात द्यावी. पडताळणी अडली म्हणून निवृत्तिवेतन थांबवण्यापूर्वी निदान एक फोन करावा. फोन नंबर आईच्या प्रत्येक अर्जावर तिच्याच अक्षरात लिहिलेला आहे.

कार्यालयाचे नाव मी येथे जाहीर करत नाही. आपल्या कार्यालयातून विचारणा झाल्यास जावक क्रमांक कळवीन. मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक साक्षांकित प्रत उद्या पुन्हा देत आहे. हयातीचा दाखला मात्र आता मिळणार नाही.

आपली,
एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी
नौपाडा, ठाणे