संद्याला पत्र : पाटावरून डॅन्यूबपर्यंत

म्युनिक, रविवार रात्र

प्रिय संद्या,

तुझा तो आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, पहिल्यांदा मागे कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू आल्या. पोरीला गिअरची सायकल घेतलीस हे झकास केलंस, आणि बारामतीत भिगवण रोडला तिला एकटी सोडायची तुझी छाती होत नाही हे पण कळतं. तू विचारलंस की मी आणि अनघा डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलवर गेलो, तर एवढा लांब बिनगाड्यांचा रस्ता सापडतो तरी कसा. हे मेसेजमधे बसणार नाही म्हणून पत्रच लिहितोय, कंटाळा आला तर दोन हप्त्यांत वाच.

मुळात तो रस्ता सायकलवाल्यांसाठी बांधलेलाच नाहीये. आता पाट्याबिट्या लावल्यात सगळीकडे, पण काठाची मूळ वाट घोड्यांची. बोटींना इंजिनं नव्हती तेव्हा माल घेऊन खाली जायचं तर नदीच न्यायची, पण परत वर यायचं तर काठावरून घोडे जुंपून दोराने नावा ओढायला लागायच्या. त्या वाटेला ऑस्ट्रियात ट्रेपलवेग म्हणतात. 1829 मधे व्हिएन्नात स्टीमबोटींची कंपनी निघाली, मग हळूहळू घोडे गेले आणि वाट तेवढी राहिली. पुढे पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत दहा ठिकाणी नदी अडवून वीजकेंद्रं बांधली, आता काठ बघायला त्यांची माणसं जीप घेऊन फिरतात, म्हणून वाट नीट राखलेली असते. बाकी गाड्यांना बंदी, सायकलला मुभा.

पहिल्या दिवशी तासभर चालवल्यावर मी अनघाला म्हटलं, अगं हा तर आमचा गावाकडच्या कालव्याचा, पाटाचा रस्ता! एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडी, आणि मधे कामाच्या माणसापुरती वाट. फक्त समोरून सायकल दामटत येणारा, पाटाचं पाणी बघणारा पाटकरी नव्हता आणि आपल्याला पाण्यात उड्या मारताना बघून शिव्या घालणारं कोणी नव्हतं.

तर माझी पद्धत एवढीच आहे बघ, की "सायकल ट्रॅक" असं काही शोधायचंच नाही. पाण्याला जिथे कामाला लावलंय तिथे त्याच्या कडेला कामाचा रस्ता असणारच, तो शोधायचा. सॅटेलाईट व्ह्यूमधे पाण्याला चिकटून जाणारी बारीक रेघ दिसते, घरांपासून लांब, फाटे कमी. मग ओपनस्ट्रीटमॅपवर तीच रेघ बघायची, तिथे लोकांनी कच्चा की पक्का, गाडीला बंदी आहे का, हे भरलेलं असतं. दुसरं म्हंजे हायवे कुठल्या काठाला आहे ते बघ आणि उलटा काठ धर. हे ऐकायला फारच सोपं वाटतं पण आम्ही लिंझच्या आधी एका पट्ट्यात ते पाळलं नाही, आणि तासभर ट्रकचा आवाज कानात घेऊन चाललो. सायकलची पट्टी वेगळी होती हं, धोका काही नव्हता, पण मजा पार गेली.

उलटा काठ धरायचा याचीही एक गंमत आहे. श्लोएगन नावाच्या जागी नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. तिथला डावा काठ इतका उभा आहे की गाड्यांचा रस्ता काढताच आला नाही, नुसतं जंगल, म्हणून शांतता म्हंजे काय विचारू नको. आम्ही त्या शांततेत इतके रमलो की आऊ नावाच्या चार घरांच्या गावात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि वाट संपली. खरोखर संपली, पुढे कडा आणि पाणी. तिथून सायकली बोटीत घालून खालच्या बाजूला जायचं असतं आणि दिवसाची शेवटची बोट निघून गेलेली. वेळ बघून ठेवायचं काम माझं होतं. अनघा काही बोलली नाही, आणि न बोलणं किती जड असतं ते तुला माहितीये. सात-आठ किलोमीटर उलटं जाऊन पूल ओलांडला आणि पलीकडून, गाड्यांच्या रस्त्याच्या कडेने, अंधारात आलो. तेव्हापासून मॅपवर रेघ दिसली की ती सुटते कुठे ते आधी बघतो.

सगळ्यात आवडलं ते वाखाउचं खोरं, मेल्क ते क्रेम्स, पस्तीसेक किलोमीटर. इथे उत्तरेच्या काठावर दिवसभर ऊन, म्हणून द्राक्षांचे मळे तिकडे, गावं तिकडे, मग रस्ता आणि टुरिस्ट बसा पण तिकडेच. दक्षिणेला सावली, जर्दाळूच्या बागा आणि निवांतपणा. ड्युर्नश्टाइनचा तो निळा मनोरा आणि वरचा पडका किल्ला, जिथे 1192 च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या राजा रिचर्डला कोंडून ठेवला होता, तो समोरच्या काठावरूनच नीट दिसतो. पलीकडे जायला श्पिट्झला बिनइंजिनाची फेरीबोट आहे. नदीवर आडवी केबल, तिला बोट बांधलेली, आणि चालक बोट जरा तिरकी करतो की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. मी उगाच दोनदा गेलो आलो.

आणि हो, काठावर किलोमीटरचे फलक असतात, पण आकडे काळ्या समुद्राकडून मोजलेले. पासाऊला 2226 च्या आसपास, लिंझला 2135, व्हिएन्नाच्या मोठ्या पुलाशी 1929. म्हणजे जितकं जाशील तितका आकडा उतरतो, पाय दुखायला लागले की तेवढाच आधार.

आता तुझं. नीरा डावा कालवा घरापासून किती, दोन किलोमीटर? तीन हत्ती चौकाकडची गर्दी सोड, गावाबाहेर भरावावरची वाट बघ. तिथे मोटारसायकली घुसतात हे मला माहितीये, आणि उसाच्या सीझनमधे ट्रॅक्टर, म्हणून आधी सकाळी सहाला तू एकटा जाऊन ये. पाटकऱ्याला विचार, त्याच्याइतकं गुगलला पण माहीत नसतं. आणि आवर्तन, म्हंजे कालव्याला पाणी, सुटलेलं असेल तेव्हा पोरीला पाण्याच्या कडेने चालवू नको, तू त्या बाजूला रहा. काँक्रीटच्या अस्तरावरून पोरगं घसरलं की धरायला काही नसतं.

वाट कुठे सुटते त्याचा फोटो पाठव.

तुझा,
पक्या