मालकही तेच, चॅम्पियनही तेच!

महोदय,

‘रिंगमध्ये घाम गाळलेल्यालाच कंपनी चालवता येते’ असं व्यावसायिक कुस्तीचे, म्हणजे निकाल आधीच ठरवून रंगवल्या जाणाऱ्या कुस्तीचे, चाहते छातीठोकपणे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या एडब्ल्यूए या कुस्ती-कंपनीचे मालक व्हर्न गॅन्ये स्वतः अव्वल कुस्तीगीर. पण वर्षानुवर्षं कंपनीही त्यांची आणि विजेतेपदाचा बेल्टही त्यांच्याच कमरेला! अस्सल कुस्तीचा इतका सोस, की प्रेक्षक हल्क होगनसाठी वेडे झालेले असताना त्याच्या हाती बेल्ट काही टिकू दिला नाही. १९८३च्या अखेरीस होगन प्रतिस्पर्धी कंपनीच्या (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) व्हिन्स मॅकमॅहनकडे गेला आणि १९९१ मध्ये एडब्ल्यूएला टाळं लागलं. मॅकमॅहन तर मूळचा निवेदक!

उलट जपानचे कुस्तीगीर जायंट बाबा. १९७२ साली त्यांनी ऑल जपान ही कंपनी काढली. वय झालं तसे मुख्य लढतींतून बाजूला झाले आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या, हसवणाऱ्या लढतींत रमले. वरची जागा मिसावा या तरुण कुस्तीगिराला मोकळी. पुढे त्याच मिसावानं २००० मध्ये स्वतःची नोआ कंपनी काढली, पण रिंग सुटली नाही. अध्यक्षपद सांभाळत, दुखऱ्या मानेनं खेळत राहिला आणि २००९ मध्ये एका लढतीतच कोसळून मरण पावला. अवघा ४६ वर्षांचा होता. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

डब्ल्यूडब्ल्यूईत माजी कुस्तीगीर ट्रिपल एच सध्या लढतींची कथानकं पाहतो, व्यवहार निक खानकडे आहेत. खान कधीच कुस्तीगीर नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलं दिसत नाही.

– एक जुना प्रेक्षक