टेलिग्रामवरील बंदी खरोखरच फसली होती का?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सरकारने एखादे मेसेजिंग अ‍ॅप बंद केले तरी लोक पळवाट शोधतातच, तेव्हा अशा बंदीची फारशी चिंता करू नये, असे तू लिहिलेस आणि दाखला म्हणून २०१८ सालच्या रशियाकडे बोट दाखवलेस. मला मात्र त्याच दाखल्याने काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती हकीकत गमतीदार होती, हे मान्य. एफएसबी या रशियन गुप्तचर यंत्रणेने टेलिग्रामकडे संदेश उलगडण्याच्या किल्ल्या मागितल्या, कंपनीने त्या नाकारल्या, २०१७ मध्ये तिला ८ लाख रूबल दंड झाला आणि १३ एप्रिल २०१८ रोजी मॉस्कोतील न्यायालयाने अ‍ॅप बंद करण्याचा आदेश दिला. रोसकोम्नादझोर ही नियामक संस्था कामाला लागली खरी, पण तिचे मुख्य हत्यार म्हणजे आयपी पत्त्यांची, म्हणजे इंटरनेटवरील संगणकांच्या क्रमांकांची, यादी. टेलिग्रामने आपला कारभार अ‍ॅमेझॉन आणि गूगल यांच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, हलवला, तेव्हा संस्थेने तेथील पत्ते सरसकट अडवले आणि काही दिवसांतच १ कोटी ८० लाखांच्या आसपास पत्ते बंद झाले. टेलिग्रामशी काडीचाही संबंध नसलेल्या कितीतरी सेवा त्यात कोलमडल्या. टेलिग्राम मात्र बहुतेकांच्या फोनवर चालूच राहिले. जून २०२० मध्ये बंदी उठली, तोवर खुद्द सरकारी खातीच तेथे आपली चॅनेल चालवत होती.

तुझ्या पत्रात ही हकीकत येथे संपते. मॉस्कोतील अधिकारी मात्र येथे थांबले नव्हते. १ नोव्हेंबर २०१९ पासून तेथे ‘सार्वभौम इंटरनेट’ कायदा लागू झाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपल्या जाळ्यात सरकारने दिलेली उपकरणे बसवणे बंधनकारक ठरले. त्यांचे नियंत्रण थेट नियामकाकडे असते. टपालाच्या पाकिटावरचा पत्ता न पाहता त्याचा आकार, वजन आणि चिकटवण्याची पद्धत यांवरूनच पाठवणाऱ्याला ओळखावे, तशी ही उपकरणे मजकूर न वाचताही कोणते अ‍ॅप चालू आहे हे बऱ्याच अंशी ताडतात. पहिला मोठा प्रयोग मार्च २०२१ मध्ये ट्विटरचा वेग मुद्दाम मंदावून झाला आणि तोही हास्यास्पदच होता. ट्विटरच्या दुव्यांच्या आखूड पत्त्यातली (t.co) अक्षरे मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यातही (microsoft.com) सलग येतात, त्यामुळे तिकडची संकेतस्थळेही मंदावली. परंतु चुका करत करतच यंत्रणा शहाणी होत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप बंद झाले, डिसेंबरमध्ये व्हायबर हे तसलेच अ‍ॅप; ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरील कॉलवर निर्बंध आले आणि लगेच १ सप्टेंबरपासून नव्या फोनमध्ये ‘मॅक्स’ हे देशी अ‍ॅप आधीच घालून देणे सक्तीचे झाले.

या क्रमात मला सर्वांत धोकादायक वाटते ते बंदी न घालता सेवा मंदावणे. उघड बंदीला निदान आदेश असतो, त्याला आव्हान देता येते, त्याविरुद्ध रस्त्यावर उतरता येते. एप्रिल २०१८ च्या अखेरीस मॉस्कोत हजारो लोक उतरलेही होते. कॉल तुटू लागला, छायाचित्र उघडेनासे झाले, तर माणूस दोष नेटवर्कला देतो, दोनदा चरफडतो आणि जे सुरळीत चालते तिकडे वळतो. पळवाट काढणारे असतातच, पण आईशी दोन मिनिटे बोलायचे असलेला सामान्य माणूस त्यासाठी रोज खटाटोप करत बसत नाही, आणि सरकारला नेमके तेवढेच पुरते. (जाता जाता सांगतो, टेलिग्रामला तू गोपनीयतेचा बालेकिल्ला म्हटलेस, ते मला पटले नाही. तेथील नेहमीचे संभाषण एंड-टू-एंड कूटबद्ध, म्हणजे फक्त बोलणाऱ्या दोघांनाच वाचता येईल असे, नसते. त्यासाठी ‘सिक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावे लागते.)

शिवाय पळवाट नेहमी कुणाच्या तरी अंगणातून जाते. इजिप्त, ओमान आणि संयुक्त अरब अमिरातींत सिग्नल आपली वाहतूक मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या पत्त्यांआड लपवत असे. २०१८ च्या वसंतात गूगल आणि अ‍ॅमेझॉन यांनीच ती सोय बंद केली. जुलै २०२४ मध्ये रोसकोम्नादझोरच्या मागणीवरून अ‍ॅपलने रशियातील अ‍ॅप स्टोअरमधून अनेक व्हीपीएन (बंदी चुकवून इंटरनेट वापरू देणारी अ‍ॅप) काढून टाकले. तुझा सारा भरवसा अखेर अशा कंपन्यांवर टेकलेला आहे. उद्या बाजारपेठ आणि ग्राहकाची गुप्तता यांपैकी एकच राखायची वेळ आली, तर त्या काय निवडतील असे तुला वाटते, ते पुढच्या पत्रात अवश्य लिही.

तुझा मित्र